टंगिया : धार आणि नक्षी

मानवाने घडवलेल्या सर्वांत जुन्या अवजारांत कुऱ्हाडीची गणना होते. प्रथम दगडाची, नंतर तांब्याची व काशाची आणि शेवटी लोखंडाची कुऱ्हाड माणसाच्या हाती आली. तिच्या साहाय्याने त्याने रान साफ केले, घरासाठी लाकूड तोडले, चुलीसाठी सरपण फोडले आणि प्रसंगी स्वतःचे रक्षणही केले. मराठी भाषेने मात्र कुऱ्हाडीकडे बहुधा भीतीनेच पाहिलेले दिसते. संकट आले, की ‘कुऱ्हाड कोसळली’ असे आपण म्हणतो. स्वतःचे नुकसान करून घेणारा ‘आपल्याच पायावर कुऱ्हाड’ मारून घेतो. आणि आपल्याच माणसांचा घात करणाऱ्यासाठी ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आहे. ज्या समाजाचे सारे जीवन अरण्याच्या आधाराने चालत आले, त्याने मात्र कुऱ्हाडीला जन्माची सोबतीण मानले. इतकेच नव्हे, तर तिच्या पात्यावर नक्षी कोरून तिला सजवलेही. लाकूड तोडण्याच्या अवजाराला अलंकार कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडावा. छत्तीसगढातील कुऱ्हाडीची, म्हणजेच ‘टंगिया’ची, घडण समजून घेतली, तर या प्रश्नाचे उत्तर सापडते.

रायपूर आणि भोवतालचा प्रदेश

रायपूर हे आज छत्तीसगढ राज्याच्या राजधानीचे शहर आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी हे राज्य अस्तित्वात आले. मराठी वाचकाला मात्र हा प्रदेश अनोळखी नाही. अठराव्या शतकात तो नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आला आणि बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथे राहून त्याचा कारभार पाहिला. पुढे इंग्रजांच्या देखरेखीच्या काळात कारभाराचे ठिकाण रतनपूरहून रायपूरला हलवण्यात आले. १९५६ पर्यंत नागपूर व रायपूर ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती. आजही रायपुरात अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत.

याच शहरात महंत घासीदास स्मारक संग्रहालय आहे. राजनांदगावचे महंत घासीदास यांनी १८७५ मध्ये त्याची स्थापना केली. देशातील जुन्या संग्रहालयांत त्याची गणना होते. प्राचीन मूर्ती आणि शिलालेख यांच्याबरोबरच आदिवासींच्या नित्य वापरातील वस्तूही तेथे जतन केलेल्या आहेत. राजांच्या तलवारींना संग्रहालयात मानाचे स्थान मिळते, यात नवल नाही. परंतु शेतकऱ्याची विळी, शिकाऱ्याचा बाण आणि लाकूडतोड्याची कुऱ्हाड यांनाही इतिहासात स्थान आहे, याची जाणीव अशा दालनांतून होते.

खांद्यावरची सोबतीण

रायपूरहून दक्षिणेकडे धमतरी, कांकेर ओलांडून केशकालचा घाट चढला, की बस्तरचे पठार लागते. मुरिया, माडिया, हलबा, भतरा इत्यादी जमातींचा हा प्रदेश आहे. इंद्रावतीच्या अलीकडे, महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यातही माडिया समाजाची वस्ती आहे. या साऱ्या मुलखात घराबाहेर पडणाऱ्या पुरुषाच्या खांद्यावर टंगिया अडकवलेली दिसणे ही पूर्वापार नित्याची गोष्ट होती. पाते खांद्यावर टेकलेले आणि लांब, सडपातळ दांडा पुढे छातीवर आलेला, अशा रीतीने ती नेली म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

टंगियाचे पाते फार मोठे नसते. दांड्याजवळ ते अरुंद असते आणि धारेकडे रुंद होत जाते. वजन बेताचे असल्यामुळे दिवसभर बाळगली, तरी ती जड वाटत नाही. वाटेत आडवी आलेली फांदी तोडणे, कुंपणासाठी खुंट साळणे, बांबू फोडणे, सरपण गोळा करणे आणि अवचित श्वापद समोर आल्यास स्वसंरक्षण करणे, अशी अनेक कामे ती एकटी करते. जे अवजार इतका काळ अंगाशी राहते, ते हळूहळू त्या माणसाची ओळखच बनते. बाजाराला जाताना, नात्यागोत्यात जाताना किंवा नाचाच्या मेळ्यात उभे राहताना माणूस जसा नीटनेटका पोशाख करतो, तसेच आपले अवजारही नेटके असावे, असे त्याला वाटू लागते. नक्षीचा उगम असा सोबतीत आणि अभिमानात आहे.

लोखंड कोठून येई?

आज लोखंड बाजारात विकत मिळते. पूर्वी मात्र मध्य भारताच्या अरण्यात ते तेथेच तयार होत असे. अगरिया नावाची एक जमात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करीत आली. मैकल पर्वताच्या परिसरात तिची मुख्य वस्ती आहे. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ मध्ये या जमातीवर ‘द अगरिया’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. भट्टीचा देव लोहासुर, कोळशाचा देव कोयलासुर आणि अग्नीचा देव अग्यासुर, अशी या जमातीची दैवते आहेत. आपल्या व्यवसायातील तिन्ही घटकांना देवत्व देणारा हा समाज लोखंडाकडे किती आदराने पाहत असे, हे यावरून ध्यानात येईल.

अगरियांची भट्टी मातीची असे. तिची उंची साधारण माणसाच्या कमरेएवढी. डोंगरातून वेचून आणलेले लोहखनिज बारीक फोडून ते लाकडी कोळशाबरोबर थराथराने भट्टीत टाकीत. चामड्याने मढवलेल्या दोन भात्यांवर उभे राहून एक जण आळीपाळीने पाय दाबी आणि त्यामुळे हवेचा झोत अखंड आत जात राही. कोळसा जळताना निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू खनिजातील ऑक्सिजन ओढून घेतो आणि शुद्ध लोह मागे उरते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. लोखंड वितळण्यासाठी १५३८ अंश सेल्सिअस तापमान लागते. मातीच्या लहान भट्टीत इतकी उष्णता निर्माण होत नाही. म्हणून लोखंड न वितळता घन स्थितीतच राहते; खनिजातील मातीचा व दगडाचा अंश मात्र वितळून मळीच्या रूपाने बाहेर वाहतो. काही तासांनी भट्टी फोडली, की आत स्पंजासारखा सच्छिद्र, धगधगता गोळा मिळतो. तो लगेच दगडावर किंवा ऐरणीवर ठेवून घणाने ठोकतात. प्रत्येक घावाबरोबर आत अडकलेली मळी ठिणग्यांसह बाहेर पडते आणि पुनःपुन्हा तापवून ठोकल्यावर घट्ट, चिवट लोखंडाची कांब तयार होते. वारंवार तापवण्यात आणि ठोकण्यात बरेचसे लोखंड वाया जाते. मूठभर लोखंडासाठी टोपलीभर खनिज, त्याहून अधिक कोळसा आणि दिवसभराचे श्रम खर्ची पडत. अशा लोखंडाला मोल असणे स्वाभाविकच होते.

घावागणिक आकार

लोखंड हाती आल्यावर लोहाराचे खरे कौशल्य सुरू होते. कुऱ्हाडीच्या बाबतीत त्याच्यापुढे एक पेच असतो. मऊ लोखंडाची कुऱ्हाड तुटत नाही. परंतु तिची धार लवकर बोथट होते. कडक पोलादाची धार टिकते. परंतु संपूर्ण कुऱ्हाड कडक केली, तर गाठाळ लाकडावर जोराचा घाव बसताच ती तडकण्याचा संभव असतो. म्हणजे एकाच वस्तूचा एक भाग सोशिक आणि दुसरा भाग कठोर असावा लागतो.

जगभरच्या लोहारांनी या पेचातून काढलेला मार्ग जवळजवळ सारखाच आहे. मऊ लोखंडाची पट्टी तापवून मध्यभागी दुमडतात आणि दुमडीच्या ठिकाणी दांड्यासाठी जागा सोडतात. पट्टीच्या दोन टोकांच्या मध्ये पोलादाचा तुकडा बसवतात. मग हा भाग जवळजवळ पांढरा होईपर्यंत तापवून, त्यावर टाकणखार टाकून झपाझप घाव घालतात. टाकणखारामुळे तापल्या लोखंडावरची जळकी साय वितळून निघून जाते, धातूचे स्वच्छ पृष्ठभाग एकमेकांना भिडतात आणि दोन्ही एकजीव होतात. हे काम काही क्षणांतच उरकावे लागते. लोखंड थोडे थंड झाले, तर जोड बसत नाही. फार तापले, तर ते जळून जाते. ‘लोखंड तापलेले असतानाच घाव घालावा’ ही म्हण लोहाराच्या दृष्टीने केवळ उपदेश नाही, तर रोजच्या कामाचा नियम आहे.

पात्याला आकार दिल्यावर धारेला ‘पाणी’ द्यायचे असते. धारेचा भाग लाल होईपर्यंत तापवून तो पाण्यात बुडवतात. त्यामुळे पोलाद अतिशय कठीण होते. परंतु काचेसारखे ठिसूळही होते. हा ठिसूळपणा घालवण्यासाठी पाते पुन्हा मंद आचेवर धरतात. घासून उजळलेल्या धारेवर त्या वेळी रंगांची छटा सरकू लागते. प्रथम फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा. कोणत्या रंगाला पाते आचेवरून काढायचे, हे लोहाराची नजर ठरवते. त्याच्याजवळ तापमापक नसतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने आलेली रंगांची पारख हाच त्याचा तापमापक होय.

शेवटी दांडा बसवतात. मध्य भारतात यासाठी धामण किंवा तिवस यांसारखे चिवट लाकूड पसंत करतात. हे लाकूड घावाचा धक्का सोसते आणि सहसा मोडत नाही. दांडा पात्यात घट्ट ठोकून वर पाचर मारली, की कुऱ्हाड कामास सिद्ध होते.

नक्षी केव्हा येते?

अवजार बिनचूक झाल्यावरच नक्षीचा विचार होतो. पात्याचा सपाट भाग घासून स्वच्छ करतात आणि लहान छिन्नीने त्यावर रेघा कोरतात. टोकदार हत्याराच्या हलक्या ठोक्यांनी ठिपक्यांच्या रांगा उमटवतात. सरळ आणि नागमोडी रेघा, त्रिकोण, फुल्या, टिंबे यांच्या साध्या मांडणीतून सुबक आकृतिबंध तयार होतो. कधी दांड्याला पितळेची कडी बसवतात, कधी तारेचे वेढे देतात. लाकडावर किंवा बांबूवर तापल्या लोखंडाने डागून नक्षी काढण्याची रीतही बस्तरमध्ये प्रचलित आहे. तेथील बांबूच्या बासऱ्यांवर ती विशेष पाहावयास मिळते.

ही नक्षी जाणीवपूर्वक मर्यादित ठेवलेली असते. धारेजवळ ती सहसा येत नाही, कारण धार पुनःपुन्हा घासावी लागते आणि तेथे कोरलेली रेघ टिकणार नाही. ती खोलही कोरलेली नसते, कारण खोल चरापासून पाते तडकू शकते. अर्थात कोठे नक्षी करावी यापेक्षा कोठे करू नये, हे कारागिराला अधिक नेमके ठाऊक असते. उपयोगाला बाध न आणता सौंदर्य साधणे, हा लोककलेचा एक मोठा गुण आहे आणि टंगियामध्ये तो स्पष्टपणे दिसतो.

दूरच्या खंडातील एक उदाहरण

अवजार सजवण्याची ही प्रवृत्ती केवळ छत्तीसगढापुरती मर्यादित नाही. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील मूळ रहिवाशांच्या लहान कुऱ्हाडीला ‘टॉमहॉक’ म्हणतात. हा शब्द तेथील अल्गॉन्क्वियन भाषाकुलातून आला आहे. प्रारंभी या कुऱ्हाडी दगडाच्या असत. युरोपीय व्यापारी आल्यानंतर कातड्यांच्या बदल्यात लोखंडी पाती मिळू लागली. अठराव्या शतकात त्यांचा एक विलक्षण प्रकार पुढे आला. त्याच्या एका बाजूला धारदार पाते, दुसऱ्या बाजूला तंबाखू भरण्याची वाटी आणि दांडा आतून पोकळ. एकाच वस्तूत युद्धाची कुऱ्हाड आणि सलोख्याची चिलीम एकत्र आली. तहाच्या प्रसंगी चांदीचे जडावकाम केलेले असे टॉमहॉक भेट म्हणून दिले जात. आज अमेरिकेतील हौशी कारागीर जुन्या पद्धतीने, हातांनी ठोकून, तशाच नक्षीदार कुऱ्हाडी पुन्हा घडवतात.

या दोन कुऱ्हाडींतील साम्याबरोबर भेदही ध्यानात घेण्यासारखा आहे. टॉमहॉकची लोखंडी पाती प्रामुख्याने परक्यांनी घडवली. ती वापरणाऱ्यांनी पिसे, मणी आणि कातडे यांनी तिला आपलेसे केले. बस्तरच्या परिसरात मात्र खनिज, कोळसा, लोहार आणि वापरणारा हे सर्व एकाच अरण्यातले होते. म्हणूनच ते अरण्य दुरावताच ही संपूर्ण साखळी तुटली.

भट्ट्या विझल्या

एकोणिसाव्या शतकात कारखान्यांतील स्वस्त विलायती लोखंड रेल्वेने भारताच्या अंतर्भागात येऊ लागले. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगलांचे मोठे भाग राखीव झाले आणि कोळशासाठी लाकूड तोडणे कठीण झाले. शिवाय अगरियांच्या भट्ट्यांवर करही आकारला जात असे. ज्या कुऱ्हाडीने अरण्यात जगायचे, तिचा वापर हाच गुन्हा ठरू लागला. १९१० मध्ये बस्तरमध्ये ‘भूमकाल’ नावाने ओळखला जाणारा मोठा उठाव झाला. गुंडाधूर हे त्याचे प्रसिद्ध नेते होत. जंगल राखीव करण्याचे धोरण हे या असंतोषाच्या प्रमुख कारणांपैकी एक होते.

याच सुमारास आधुनिक पोलाद उद्योगाची पावलेही या भूमीकडे वळली. भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी १८८७ मध्ये दुर्ग भागातील लोहखनिजाची नोंद केली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा यांना नागपूरच्या संग्रहालयातील भूवैज्ञानिक नकाशात हे साठे आढळले आणि दल्ली-राजहराच्या टेकड्यांची पाहणी झाली. टाटांचा कारखाना पुढे साकची, म्हणजे आजचे जमशेदपूर, येथे उभा राहिला. परंतु स्वातंत्र्यानंतर याच टेकड्यांच्या खनिजावर भिलाईचा पोलाद कारखाना उभारला गेला आणि १९५९ मध्ये तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली.

आज रायपूरलगतच्या उरला व सिलतरा या औद्योगिक वसाहतींत ‘स्पंज आयर्न’ म्हणजे स्पंज लोखंड तयार करणारे कारखाने आहेत. या कारखान्यांतही खनिज वितळवले जात नाही. कोळशाच्या साहाय्याने त्यातील ऑक्सिजन काढून घेतला जातो आणि सच्छिद्र लोखंड मिळवले जाते. अगरियांच्या मातीच्या भट्टीत जी क्रिया घडत असे, तीच क्रिया येथे प्रचंड प्रमाणात घडते. भट्टी बदलली, माप बदलले. निसर्गाचा नियम मात्र तोच राहिला. ज्यांना निरक्षर म्हणून दुर्लक्षिले गेले, त्यांनी हा नियम अनुभवाने जाणला होता, हे आपण विसरता कामा नये.

आजचा लोहार आणि आपण

रायपूरहून सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास असलेले कोंडागाव आज लोहशिल्पासाठी प्रसिद्ध आहे. तेथील लोहार आता खनिजापासून लोखंड तयार करीत नाहीत. भंगारातील पत्रे, सळया, पट्ट्या विकत आणून ते तापवतात आणि ठोकून त्यांतून दिवे, हरणे, पक्षी, घोडेस्वार, वादक यांच्या आकृती घडवतात. पूर्वी ते शेतकऱ्यासाठी नांगराचा फाळ, विळा व टंगिया आणि देवस्थानासाठी दिवे व त्रिशूळ घडवीत. आज त्यांचे ग्राहक मुख्यतः शहरात आहेत. बस्तरच्या लोहशिल्पाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यामुळे दुसऱ्या ठिकाणी बनवलेली वस्तू बस्तरची म्हणून विकण्यास कायद्याने प्रतिबंध होतो.

या बदलाने अनेक कुटुंबांना उपजीविका मिळाली, ही समाधानाची बाब आहे. परंतु त्याबरोबर एक चिंताही निर्माण झाली आहे. भिंतीवर टांगण्यासाठी घेतलेल्या नक्षीदार कुऱ्हाडीला धार नसली, तरी चालते. तिला पोलादाची जोड नको, पाणी नको, रंगांची पारख नको. पत्रा कापून त्यावर ठिपके उमटवले, की काम भागते. अशा वेळी नक्षी उरते. पण त्या नक्षीमागचे ज्ञान हळूहळू लोप पावते. लोहाराच्या मुलाने दिवा घडवावा आणि फाळही घडवावा, दोन्हींचे योग्य मोल त्याला मिळावे, तरच ही विद्या पुढच्या पिढीकडे जाईल. मोल मिळाले नाही, तर तो मुलगा भाता सोडून कारखान्यात मजुरीला जाईल आणि त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही राहणार नाही.

ग्राहकाच्या हातीही काही गोष्टी आहेत. हस्तकलेची वस्तू घेताना केवळ तिची शोभा न पाहता ती कोणी, कशापासून आणि कशी घडवली, हे विचारता येते. यंत्रावर कापलेल्या वस्तूच्या भावात हाताने घडवलेली वस्तू मागू नये, इतका विवेक बाळगता येतो. आपल्या गावातील लोहाराकडे विळा किंवा कुऱ्हाड शेवटण्यासाठी नेली, तर त्याचे काम थोडा वेळ थांबून पाहता येते. ऐरणीवरच्या प्रत्येक घावात मोजमाप असते, प्रत्येक रंगात निर्णय असतो, हे त्या वेळी उमगते.

टंगियावरील नक्षी हे केवळ सुशोभन नव्हे. लोखंड चांगले उतरले, जोड नीट बसला आणि धारेला पाणी योग्य मिळाले, याची ग्वाही म्हणून लोहार शेवटी ती नक्षी कोरीत असे. आधी धार, मग नक्षी, हा क्रम त्याने कधी मोडला नाही. कोणत्याही कामात उपयोग आणि सौंदर्य यांचे नाते कसे असावे, हे अरण्यातील या साध्या अवजाराने किती तरी पिढ्यांपूर्वी ठरवून ठेवले आहे.